झेंडूच्या वावरातला फोटो

आज आईच्या श्राद्धासाठी झेंडूचा हार आणला आणि त्या वासाने मला पंधरा वर्षांपूर्वीच्या मखमलाबादच्या आमच्या वावरात नेलं. मी तेव्हा फोटोग्राफी शिकत होतो. एकच वाइड लेन्स होती. जवळ गेलं नाही तर तिच्यात माणूस ठिपक्याएवढा दिसतो.

फुलं तोडताना आई म्हणाली, "आरं, जवळ ये ना. दिसते का मी त्यात?"

"दिसतेस गं, हलू नको."

मला बूट चिखलात घालायचे नव्हते, आणि आभाळ फार सुरेख आलं होतं.

वर्षभरात ती गेली. स्टुडिओवाल्याने फोटो मोठा करून पाहिला. "चेहराच निघत नाही, दादा."

शेवटी मतदार कार्डावरचाच फोटो भिंतीवर लावला. त्यात ती घाबरलेली दिसते. पण दिसते तरी.