इथे गेलाय

वेधशाळेत तिला सगळे रेघाबाई म्हणत. काम एकच: ताऱ्यांच्या उजेडाचे आलेख तपासायचे आणि जिथे उजेड धपकन कमी झाला असेल, तिथे लाल पेन्सिलीने रेघ मारायची. मारताना पुटपुटायची, “इथे गेलाय... इथे गेलाय.” ऐकून ऐकून तिथल्या शास्त्रज्ञ मॅडमचे कान किटले होते.

“पण खातो कोण हा उजेड?” तिने एकदा विचारलं होतं.

“हायड्रोजन. दोन ताऱ्यांच्या मधल्या पोकळीतल्या वायूत त्याच्या दोन-दोन अणूंच्या जोड्या असतात,” मॅडम म्हणाल्या. “स्वतः दिसत नाहीत. मागून ताऱ्याचा उजेड आला की त्यातले ठरावीक अतिनील किरण तेवढे गिळतात. आलेखातल्या त्या खाचांवरून कळायचं, मध्ये कोणीतरी आहे. आणि वायू तापला की त्याची ऊब डोळ्यांना न दिसणाऱ्या उजेडात सोडून देतात, त्याला गार करतात.”

हे रेघाबाई विसरली असती तर बरं झालं असतं.

घरात ती आणि सासूबाई, दोघीच. नवरा नऊ वर्षांपूर्वी “आलोच” म्हणून बाहेर पडला, तो अजून येतोच आहे! सासूबाईंची सक्त ताकीद होती, या घरात ‘गेला’ म्हणायचं नाही. दिवे गेले तरी ‘बंद पडले’ म्हणायचं.

मग एका सुट्टीच्या दुपारी खिडकीतलं ऊन भिंतीवर पडलं आणि त्यात मधोमध तिला अंधाराचा एक उभा पट्टा दिसला. तिने काचा पुसल्या, पडदा काढला. पट्टा तिथेच. हाताला खोडच ती, मोजून पाहिला: माणसाच्या खांद्यांएवढा रुंद. जवळ ठेवलेला चहा दोन मिनिटांत गारढोण झाला. सासूबाईंना तर धड दिसतही नव्हतं. त्या भिंतीकडे वळून म्हणाल्या, “उन्हात उभा राहू नको रे.”

त्याच आठवड्यात दीर कागद देऊन गेला. इतकी वर्षं बेपत्ता, तेव्हा मृत समजावा, असा अर्ज. खाली तिची सही हवी होती. तिलाही सुटका हवीच होती. बायको की विधवा, एकदाचं ठरू दे! पण सासूबाईंना कोणत्या तोंडाने सांगणार? महिनाभर कागद पर्समध्ये आणि पट्टा भिंतीवर. शेवटी एका सकाळी मन घट्ट करून ती कचेरीत गेली, सही केली आणि घरी येऊन ब्रही काढला नाही.

दुपारी भिंत लख्ख होती. या कडेपासून त्या कडेपर्यंत ऊन. चहा कितीतरी वेळ वाफाळत राहिला. तिला हायसं वाटलं आणि रडूही कोसळलं.

सासूबाई भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या.

“सूनबाई,” त्या म्हणाल्या, “गेला गं.”