पहूरची अक्का

अक्का देवाकडे काही मागायची नाही. ती देवाला बातम्या सांगायची. सकाळी अंघोळ झाली की देव्हाऱ्यापुढे बसायचं आणि कुणाची गाय व्याली, कुणाचा कापूस भिजला, कुणाच्या सुनेला दिवस गेले, हे शेजारणीला सांगावं तसं सांगत राहायचं. लहानपणी मी तिला विचारलं होतं, "अक्का, देवाला हे ठाऊक नसतं का?"

"ठाऊक ऱ्हास," ती म्हणाली. "पन कोनी सांगं ते बरं वाटस त्याले."

अक्का म्हणजे माझ्या वडिलांची, नानांची, थोरली बहीण. लग्न होऊन ती पहूरला गेली. काही वर्षांत तिचा नवरा कामासाठी सुरतला गेला आणि तिथेच त्याने दुसरा संसार मांडला. नाना स्वतः जाऊन तिला धुळ्याजवळच्या आमच्या गावी घेऊन आले. त्यानंतर त्यांनी पहूरच्या घराचं नाव कधी तोंडातून काढलं नाही. अक्का मात्र रोज कुंकू लावायची. बसमध्ये कुणी गाव विचारलं तर सरळ "पहूर" सांगायची. शेजारी बसलेले नाना तेवढ्यापुरते खिडकीबाहेर बघायचे.

आमच्याकडे श्रावणातल्या एका रविवारी कानबाई, आमची खानदेशची देवी, घरात बसते. पुण्या-नाशिकला गेलेले भाऊबंद त्या रविवारी घरी येतात. देवीच्या नैवेद्याचे रोट, म्हणजे जाड पोळ्या, फक्त कुळातल्या माणसांनी खायचे. लग्न होऊन गेलेल्या लेकींना ते चालत नाहीत. दळण अक्का करायची, रोट अक्का लाटायची, गंगाफळाची, म्हणजे लाल भोपळ्याची, भाजीही तिच्याच हातची. पंगत बसली की ती मागच्या ओट्यावर जाऊन ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी खायची. आम्हा मुलांना ते इतकं सवयीचं झालं होतं की त्यात काही खटकण्यासारखं आहे, हे कुणाच्या मनातही आलं नाही.

पुढे माझं लग्न वरणगावला झालं आणि मोडलं. मुलीला घेऊन मी माहेरी परत आले. बायका भेटायला येऊन आईजवळ उसासे टाकायच्या. अक्काने एकदाही काही विचारलं नाही. ताट वाढून म्हणायची, "बठ्ठं व्हई जाई. पहिले जेव." सगळं होईल नीट, एवढाच तिचा धीर.

त्या वर्षी कानबाई बसली. पंगत मांडली तेव्हा मी मुलीला घेऊन आपणहून ओट्यावर गेले. अक्का तिथे भाकरी घेऊन बसली होती. माझ्याकडे बघून तिने भाकरी खाली ठेवली, माझं मनगट धरलं आणि मला थेट पंगतीत आणलं. सगळ्या भाऊबंदांसमोर ती नानांना म्हणाली, "भाऊ, इले रोट वाढ."

एक काका म्हणाले, "अक्का, दिलेली लेक आहे ती. देवीला चालायचं नाही."

"देवीले मी सकाळीच सांगी टाकं," अक्का म्हणाली.

काकांनी सरकून आम्हाला जागा करून दिली. नानांनी माझ्या ताटात रोट ठेवला, मुलीच्याही ठेवला. मग त्यांनी आणखी एक उचलला आणि उभ्या असलेल्या अक्कापुढे धरला. "मग तूही खा, अक्का. इतकी वर्षं मला म्हणता आलं नाही."

"माले नको," ती म्हणाली. "ही ते घर सोडीसन उनी. आते ही आठली शे. माले त्यानी सोडं, मी नही सोडं. मी तठली शे."

मी घर सोडून आले म्हणून आता इथली; तिने सोडलं नव्हतं, म्हणून ती अजून तिथली, पहूरची. ती रागात नव्हती, रडतही नव्हती. इतकं बोलून ती ओट्यावर गेली आणि उरलेली भाकरी खाऊ लागली. तिच्यावर अन्याय होतोय असं मला त्या क्षणी वाटलं. पुढे मला धुळ्यात नोकरी लागली, तिच्या शेजारी बसून पुष्कळ गप्पा झाल्या, तेव्हा कळलं की तिला ओट्यावर कुणी बसवलं नव्हतं. तिचा नेम तिने स्वतः ठरवला होता, आणि तो माझ्यावर लादावा असं तिला कधी वाटलं नाही.

गेल्या हिवाळ्यात अक्का गेली. दोन दिवस ताप आला आणि दुपारी चहा मागून, तो यायच्या आत संपलं. पहूरला कळवा, असं तिने मला सांगून ठेवलं होतं. नाना म्हणाले, "कोण येणार आहे तिथून?" तरी मी फोन केला.

संध्याकाळच्या आत जीप आली. अक्काचे दीर उतरले, काठी टेकत, बरोबर त्यांचा मुलगा. नाना दारातच उभे होते. दीर चपला काढून त्यांच्यासमोर थांबले.

"आमच्या भावाने केलं त्याला माफी नाही," ते म्हणाले. "पण वहिनी आमच्या घरच्या. तुम्ही हो म्हणालात तर अग्नी माझा मुलगा देईल."

अंगणात सगळे नानांकडे बघत होते. नाना दारातून बाजूला झाले आणि आईला म्हणाले, "पाव्हण्यांना पाणी दे." आणि विस्तवाचं मडकं त्यांनी स्वतः उचलून त्या मुलाच्या हातात दिलं.