आत्याचं इंजेक्शन

धुळीशी माझ्या आत्याइतकं वैयक्तिक वैर धरलेलं माणूस अख्ख्या पिंपरी-चिंचवडात सापडणार नाही. इतरांना धूळ म्हणजे धूळ. आत्याला ती नावागावासकट माहीत होती. दारातून वारा आला की नाक वर करून ती सांगायची, ही रस्ता खणल्याची, ही वरच्या मजल्यावर गादी झटकल्याची. तिच्या दम्यामुळे घरात पडदे नव्हते, सतरंजी नव्हती, कापसाची उशी नव्हती. बुद्धमूर्तीपुढं अगरबत्ती नाही, मेणबत्ती नाही; स्टीलच्या वाटीत स्वच्छ पाणी, बस्स. कुणा पाहुण्याला ते खटकलं तर म्हणायची, "त्यांना चालतं. मी विचारलंय." माझ्या धाकट्या बहिणीकडं मांजर आहे, म्हणून तिला आधी गॅलरीत उभं करून ओल्या फडक्यानं पुसून काढायची आणि मगच पोटाशी धरायची.

तिच्या यजमानांना आम्ही मामा म्हणायचो. ते चाकणच्या एका कारखान्यात होते. शिफ्ट करून आले की जिन्यातच लुंगी गुंडाळून कंपनीचे कपडे पिशवीत कोंबायचे, पिशवीला गाठ मारायचे आणि ती थेट मोरीत. त्या वेळेला शेजारीपाजारी आपापली दारं लोटून घ्यायचे. एवढ्या वर्षांत मामांनी कधी कुरकुर केली नाही. मला एकदा एवढंच म्हणाले, "तिला दम लागला ना, की मलाच उभं राहवत नाही बघ."

पुढं पुढं पंपानं भागेना. महिन्या-दोन महिन्यांनी दवाखान्यात भरती व्हायला लागलं, तेव्हा छातीच्या डॉक्टरांनी ॲलर्जीच्या दम्यावरचं एक इंजेक्शन सुचवलं. रक्त तपासून आणि वजन बघून डोस ठरवायचा, दर चार आठवड्यांनी दंडात घ्यायचं, गुण यायला तीन-चार महिने थांबायचं. मामांनी सगळं वहीत उतरवून घेतलं. आत्यानं मात्र वर्षभर त्यांना टोलवलं. कधी नातीची परीक्षा, कधी दंड अवघडलाय, कधी नुसतंच 'बघू'. सुईला घाबरते म्हणून आम्ही तिची थट्टा करायचो. ती करू द्यायची.

मग एका दुपारी मामा कंपनीच्या बसमधून उतरले आणि स्टॉपवरच खाली बसले. लोकांनी दवाखान्यात पोचवलं तोवर सगळं संपलं होतं.

संध्याकाळपर्यंत घर माणसांनी भरलं. मामांवर लोकांचा जीव होता. त्यांनी मेणबत्त्या लावल्या, अगरबत्त्यांचे पुडे फोडले, झेंडूचे हार आणले. हे सगळं अडवणारा माणूस मधोमध निजला होता, आणि आम्हा कुणाला सुचलं नाही. आत्यानं हुंदका दिला आणि तो अर्ध्यातच अडकला. ओठ काळेनिळे पडायला लागले. मी तिला उचलून गाडीत घातलं. तिकडं मामांना नेलं, तेव्हा इकडं ती वाफेच्या औषधाचा मास्क लावून कॉटवर ताठ बसली होती. मला फोन आला, तो मी ठेवल्यावर तिनं हातानंच विचारलं, झालं का? मी मान डोलावली.

त्यानंतर आम्ही तिला रडताना पाहिलं नाही. डोळे भरून आले की छाती आवळायची. मग ती उठायची आणि पंख्याची पाती पुसायला लागायची.

महिन्याभरानं ती आपण होऊन म्हणाली, "त्या इंजेक्शनाचं विचारून ये." पहिला डोस मिनिटभरात झाला. मग काही त्रास होत नाही ना, ते बघायला दोन तास तिथंच बसवून ठेवलं. नर्सनं चादर बदलून घातली, तर ही तिला खिडकीपाशी नेऊन चादर कशी झटकू नये ते समजावत होती. परत येऊन बाकावर माझ्याशेजारी बसली आणि दंडावरचा कापूस दाबत हळूच म्हणाली, "मी सुईला नव्हते भीत रे. डॉक्टरकडं हेच एक शिल्लक होतं. तेही लागू नसतं पडलं, तर ह्यांच्या तोंडाकडं कसं बघितलं असतं मी? म्हणून राखून ठेवलं होतं."



इंजेक्शन लागू पडलं. पंप चालूच राहिला, पण चौथ्या महिन्यात ती न थांबता दोन जिने चढून माझ्या घरी आली. पाणीसुद्धा न घेता म्हणाली, "मला स्मशानात घेऊन चल. मी आलेच नव्हते."

मी तिला घेऊन गेलो. सकाळची वेळ, कुणी नव्हतं. मामांना कुठल्या ओट्यावर ठेवलं होतं ते मी दाखवलं. तिनं चप्पल काढली, पदरानं त्या ओट्याची कड पुसली आणि तिथं हात ठेवून उभी राहिली. मग रडायला लागली. मी घाईघाईनं तिच्या पिशवीत पंप शोधायला लागलो, हातात घेऊन तिच्या जवळ सरकलो. पण छातीतून शिट्टी येत नव्हती. ती मोठमोठ्यानं रडत होती, मध्ये पुरता श्वास घेत होती, आणि पुन्हा रडत होती.