हिराचं मुंगूस

काल रोह्याच्या घरी नात शब्दकोश चाळता चाळता ओरडली, "आजी, इंग्रजीतला मंगूज आपल्या मराठीतून गेलाय!"

डाळ निवडता निवडता माझा हात जागीच थांबला. अख्खी नोकरी इंग्रजी शिकवण्यात गेली आणि मला हे माहीत नसावं?

पेणच्या शाळेतलं माझं पहिलंच वर्ष. मी चित्रं दाखवून इंग्रजी नावं विचारत होते. मिठागरावर राबणाऱ्या घरातली हिरा उठली. तिच्या पोटऱ्यांवर खाऱ्या चिखलाचा वाळलेला पांढरा थर होता.

"मुंगूस!"

वर्ग हसला. मी म्हटलं, "मराठीत नको. इंग्रजीत मंगूज म्हणतात."

हिराचे डोळे चमकले. "बाई, ह्यो तर आपलाच शब्द हाय! त्यांनी आपल्याकडनंच नेला नाय का?"

मला वाटलं, पोरगी माझी टिंगल करतेय. "उलट बोलतेस?" म्हणत मी तिला तास संपेपर्यंत दाराबाहेर उभं केलं.

त्यानंतर तिनं वर्गात कधीच हात वर केला नाही. वर्षअखेरीस तिच्या प्रगतिपुस्तकावर शेरा मीच लिहिला होता, "इंग्रजीत गती नाही."