वन्संनी खोडलेली कामं

फ्रिज अर्धा पुसून झाला होता. आतल्या काचा धुऊन ओट्यावर वाळत उभ्या केल्या होत्या, दूध आणि भाज्या टेबलावर घामेजून पडल्या होत्या आणि मी जमिनीवर बसून जुन्या टूथब्रशनं दाराच्या रबरातली काळी बुरशी काढत होते. तेवढ्यात हे आले, एक काच आडवी केली आणि तिच्यावर गाडीच्या सर्व्हिसिंगच्या अंदाजी खर्चाचा कागद पसरला. धुतलेल्याच काचेवर. दुसरी जागा अख्ख्या घरात नव्हती.

"बघ. खालचा आकडा बघ फक्त."

बघितला. तेवढ्या पैशांत आमचं स्वयंपाकघर नवं झालं असतं, फ्रिजसकट.

"आणि हा पाठवलाय कुणी? माझ्या सख्ख्या बहिणीनं!"

ह्यांची सख्खी बहीण म्हणजे माझ्या वन्सं. मोठ्या, महागड्या गाड्यांच्या वर्कशॉपमध्ये त्या सर्व्हिस ॲडव्हायजर आहेत. म्हणजे गाडी घेऊन आलेल्या माणसाला खुर्ची द्यायची, गाडीला काय होतंय ते विचारायचं, काय काय करावं लागेल ते सांगायचं आणि खर्च अशा आवाजात सांगायचा की माणूस खुर्चीतून पडू नये. मेकॅनिकचे हात काळे होतात, वन्संचा घसा बसतो.

नोकरी लागली तेव्हा त्या फोनवर होत्या. आवाज गोड म्हणून घेतलं होतं, इंजिनातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण लोक तक्रारी सांगायचे आणि त्या मन लावून ऐकायच्या. ऐकता ऐकता विचारायला शिकल्या. आवाज वळताना येतो की थांबताना? गाडी गार असताना की तापल्यावर? ती सवय त्यांनी घरी आणली. मिक्सर अडला की तेच, सासूबाईंचे गुडघे दुखले की तेच. "आई, दुखतं ते बसताना की उठताना?" सासूबाई भडकतात. "मी काय तुझ्याकडे सर्व्हिसिंगला आलेय का गं?"

सासूबाईंना मुलगी बँकेत हवी होती. कुणी विचारलं तर अजून त्या "ऑफिसात असते" एवढंच सांगतात. वर्कशॉप हा शब्द मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. वन्संनी लग्न केलं नाही, आमच्या मागच्या खोलीत राहतात, सगळ्यांची बिलं भरायला त्याच जातात. घरात त्यांचं म्हणणं ऐकलं जातं, नाही असं नाही. सगळ्यांचं बोलून झालं आणि टीव्ही लागला की ऐकतात.

आता ती गाडी. ह्यांनी गेल्या वर्षी घेतली, सेकंडहँड. पहिल्या मालकानं फारशी चालवलीच नव्हती, म्हणून "जवळजवळ फुकट पडली" असं हे येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते. दारात हत्ती झुलायला लागला. नाक फाटकाबाहेर येतं म्हणून फाटक लागत नाही, फाटक लागत नाही म्हणून रस्त्यावरची कुत्री कुंड्यांपाशी येऊन झोपतात. ज्या माणसानं आयुष्यात एक ताटली पुसली नाही, तो रोज सकाळी मऊ फडकं घेऊन गाडीचे कान-नाक पुसतो. देवा, माणसाला कशाकशाचा लळा लावतोस तू!

पुढच्या रविवारी सासूबाईंना घेऊन त्यांच्या बहिणीकडे जायचं होतं. मावशींचं गाव डोंगराच्या पलीकडे, मोठा घाट उतरून. म्हणून सर्व्हिसिंगची घाई.

संध्याकाळी वन्सं दारात पाऊल ठेवतात न ठेवतात, तोच ह्यांनी कागद नाचवला.

"काय गं, लुटायला घरचंच गिऱ्हाईक सापडलं?"

"दादा, पाणी तर पिऊ दे." त्यांनी फ्रिज उघडला. आत नुसता दिवा. "वहिनी, पाणी कुठेय?"

"टेबलावर. भोपळ्यामागे."

"आधी हे सांग," हे म्हणाले, "इंजिन फ्लशिंग म्हणजे काय असतं? इंजिनाला जुलाब देता का?"

वन्संनी कागद घेतला. "हा मी नाही बनवला. गाडीचा नंबर घातला की कॉम्प्युटर काढतो. सगळ्यांना हाच."

"म्हणजे तुझा काही संबंध नाही?"

"आहे ना. यातलं निम्मं लोकांच्या गळ्यात मारलं की माझं महिन्याचं टार्गेट पुरं होतं."

"बघ!" हे माझ्याकडे वळले. "कबूल केलं तिनं!"

वन्संनी कागद परत त्या धुतलेल्या काचेवर ठेवला, पेन मागितलं आणि गाडीच्या पुढच्या खणातलं कंपनीचं पुस्तक आणायला सांगितलं. ते आलं, तर त्याच्यावरचं प्लॅस्टिकसुद्धा कुणी फाडलेलं नाही. "दादा, नीट ऐक. या पुस्तकात जे लिहिलंय ते गाडीला लागतं. पुस्तकात नाही आणि आमच्या कागदावर आहे, ते आम्हाला लागतं."

मग त्या खोडत सुटल्या. इंजिन फ्लशिंग? आधीच्या मालकानं तेल वेळेवर बदललंय, बिलं आहेत. खोड. इंजेक्टरची सफाई? गाडी धक्के देते का? नाही ना, मग खोड. चाकांचं अलाइनमेंट? सरळ रस्त्यावर स्टिअरिंग एका बाजूला ओढतं का? नाही. खोड. रंगावर चकचकीत कोटिंग, एसीतून सुगंध, खोड, खोड. एसीचा फिल्टर बदलायचा, पण तो समोरच्या खणामागेच असतो. बाहेरून आणून घरी बसवता येतो.

राहिलं काय, तर इंजिनचं तेल आणि त्याचा फिल्टर, गिअरबॉक्सचं तेल आणि ब्रेकचं तेल. शेवटच्याखाली त्यांनी दोनदा रेघ ओढली.

"बिलांमध्ये हे कुठेच नाही. गाडी नुसती उभी होती म्हणून हे तेल नवं राहत नाही, दादा. ते बसल्या जागी हवेतली ओल पितं. लांब उतारावर ब्रेक तापले की त्या ओलीची वाफ होते. मग पाय टेकेपर्यंत दाबलास तरी गाडी थांबत नाही. आईला घेऊन घाट उतरायचाय ना तुला?"

आकडा एक तृतीयांशावर आला. दुसरा कुणी असता तर बहिणीचे पाय धरले असते. ह्यांनी कागद उलटा केला, सुलटा केला आणि म्हणाले, "ब्रेक तर झकास लागतात माझे. परवा बाजारात ते मांजर आलं मध्ये, जागच्या जागी थांबली गाडी. ब्रेकचं तेल राहू दे. त्यापेक्षा कोटिंग करू. आणि तो सुगंध."

मी टूथब्रश खाली ठेवला. "अहो, त्या म्हणतायत काय, तुम्ही करताय काय?"

"जे डोळ्यांना दिसतच नाही त्याला कशाला पैसे घालायचे? कोटिंग निदान दिसतं तरी."

प्रार्थनेची वेळ झाली होती, म्हणून मी आत जाऊन डोळे मिटून बसले. देवाचं नाव घ्यावं तर बाहेरून कोटिंग, सुगंध, टार्गेट, परत सुगंध. डोळ्यांना दिसत नाही तो देव, त्याच्यापुढे मी रोज बसते, आणि त्याच घरात हे असं. शेवटी उठून बाहेर आले.

वन्संचा आवाज खाली आला होता. "दादा, गिऱ्हाइकाशी मी वेगळी बोलते, खरंय. आत्ता तुझी बहीण बोलतेय."

"ते मला कसं कळायचं?" हे हसत म्हणाले.

त्यांना ते गमतीनंच म्हणायचं होतं. पण वन्संचा चेहरा उतरला. पेनाला टोपण लावलं, भूक नाही म्हणाल्या आणि खोलीत गेल्या. दार आपटलं असतं तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी ते हळू लोटलं.

मग मात्र माझा तोल सुटला. "त्यांनी स्वतःच्या हातानं स्वतःचं टार्गेट खोडलं तुमच्यासाठी! आणखी काय कोर्टात शपथ घ्यायला लावता? ब्रेकचं तेल बदलल्याशिवाय सासूबाई त्या गाडीत बसणार नाहीत. मी तर नाहीच नाही."

शेवटी तडजोड झाली. ब्रेकचं तेल, आणि सुगंध. सुगंध सुटला नाही.

शनिवारी मीही बरोबर गेले, कारण ह्यांना एकटं सोडलं तर काय लिहून येतील याचा भरवसा नव्हता. वर्कशॉपचा पुढचा हॉल दवाखान्यापेक्षा स्वच्छ, कोचावर बसलं की उठवत नाही, कॉफी मशीनमधून येते आणि तशीच लागते. घरच्या माणसांचं काम आपण बघायचं नाही असा तिथला नियम, म्हणून आमची फाइल एका चष्मेवाल्या तरुणाकडे गेली. वन्सं शेजारच्या टेबलावर, आमच्याकडे पाठ करून, कुणाशी तरी त्यांच्या त्या दुसऱ्या, गोड आवाजात बोलत होत्या.

"सर, इंजिन फ्लशिंग घालू ना?" चष्मेवाल्यानं विचारलं. "सगळेच करून घेतात."

घरात ज्याला बहिणीचा एक शब्द पटला नव्हता, तो माणूस खुर्चीत ताठ झाला. हॉलभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "अजिबात नाही! पुस्तकात जे आहे ते गाडीला लागतं, पुस्तकात नाही ते तुम्हाला लागतं. आम्हाला शिकवू नका, आमची बहीण इथेच आहे. तिनंच खोडून दिलंय सगळं!" आणि खोडलेला कागद वर धरून दाखवला.

मी ह्यांची बाही ओढली. उशीर झाला होता. मागे उभा असलेला एक जाडजूड गृहस्थ पुढे आला. "कुठल्या मॅडम त्या? माझंही खोडून घ्या म्हणावं." त्याच्या मागची बाई पर्समधून आपला कागद काढायला लागली. काचेच्या खोलीतले मॅनेजर उभे राहिले. वन्संनी मान वळवली नाही. नुसते कान लाल झाले, मागूनसुद्धा दिसले.

संध्याकाळी त्या घरी आल्या, पर्स खुंटीला लावली आणि म्हणाल्या, "सोमवारपासून परत फोनवर."

"परत फोनवर म्हणजे?" हे म्हणाले.

"म्हणजे जिथून सुरुवात केली तिथे. टेबल गेलं माझं."

"कायमचं?"

"बघू म्हणाले."

हे उठले. "मी जाऊन बोलतो तुझ्या साहेबांशी."

"नको!" मी आणि वन्सं एकदम ओरडलो. आतल्या खोलीतून सासूबाईंचाही "नको" आला, म्हणजे त्या सगळं ऐकत होत्या.

हे परत बसले. बोटानं टेबलावर रेघा मारत म्हणाले, "मला वाटलं, चारचौघांत तुझं कौतुक करतोय."

"कौतुक घरात करायचं रे दादा," वन्सं म्हणाल्या. "तिथे कशाला केलंस?"

ह्यांनी खिशातून गाडीची किल्ली काढली आणि हातात फिरवत बसले. आणि राग तरी किती धरायचा? वाईट हेतू असता तर धरता आला असता. एवढ्या मोठ्या माणसाला बोलायची जागा कोणती आणि गप्प बसायची कोणती, एवढं देवानं सांगून पाठवायला काय हरकत होती!

तरीही वन्संनी ह्यांच्या हातातून किल्ली घेतली. "चल, टेकडीपर्यंत जाऊन येऊ. उतारावर बघते." दोघं गेली. परत आली तेव्हा हे गाडीचं दार वन्संसाठी उघडून उभे होते.

आज रविवार. सकाळी गाडी फाटकात, आतून कसल्याशा न उगवलेल्या फुलाचा वास, हे स्टिअरिंगवर, मागे सासूबाईंचं सामान. सासूबाई काठी टेकत दारापर्यंत गेल्या आणि थांबल्या.

"चल ना आई, सगळं करून घेतलंय मी," हे आतून म्हणाले.

सासूबाईंनी त्यांच्याकडे बघितलंही नाही. वन्संना विचारलं, "ते ब्रेकचं काय ते झालं का गं?"

"झालं, आई."

"तू बघितलंस?"

"स्वतः चालवून बघितलं. उतारावर."

"चढताना की उतरताना?"

वन्सं हसल्या. कालपासून पहिल्यांदा. "उतरताना, आई."

"मग बसते."

शेजारच्या बाई झाडांना पाणी घालत होत्या. गाडी छान चमकतेय म्हणाल्या, कुठे दिली होती सर्व्हिसिंगला? ह्यांनी तोंड उघडलं, माझ्याकडे बघितलं आणि देवाची कृपा, मिटलं. सासूबाई आत सरकून बसत होत्या, त्याच म्हणाल्या, "आमच्या हिच्या वर्कशॉपमध्ये."

गाडी वळणावरून दिसेनाशी झाली. मी आत आले. फ्रिजच्या दाराचं खालचं रबर अजून तसंच काळं आहे आणि काचेवर वन्संच्या पेनाची दोनदा ओढलेली रेघ उमटलीय, साबणानं जात नाही. कागद पातळ होता. मी हे लिहायला बसले तेव्हा वन्सं चपला घालत होत्या. उद्यापासून दिवसभर फोन. त्या औषधाच्या दुकानातून घशाच्या गोळ्या आणायला निघाल्या.