दुपट्ट्याची गाठ

दवनीवाड्याचा गजेंद्र नगरपालिकेच्या अग्निशमन दलात लागला, तेव्हा त्याची छाती शर्टात मावेना. "धुराचं मले का सांगता? राईस मिलच्या भट्टीवर वाढलो मी," असं तो ज्याला त्याला ऐकवी.

२०११च्या उन्हाळ्यात गोंदियातल्या एका बंद मिलच्या गोदामात त्यांचं प्रशिक्षण होतं. आत धानाची ओली तणीस, म्हणजे पेंढा, पेटवलेली, स्वतःचा हात दिसेना. काम जोडीचं. पुढच्यानं नोझल धरायचं, मागच्यानं पाइपचा भार अंगावर घ्यायचा आणि काही झालं तरी सोडायचा नाही; पाणी आलं की पाइप असा उसळतो, की एकट्याला आवरत नाही. पुढे होता नवेगाव बांधचा राजदीप. मागे आपले गजेंद्रराव.

पाणी आलं, झटका बसला आणि गजेंद्रनं पाइप सोडला. सोडला आणि पळाला. दार सापडेपर्यंत आईला हाका मारत होता, त्या बाहेर सगळ्यांनी ऐकल्या.

मागून राजदीप लंगडत आला. कोपर पार सोललेलं.

"क्या हुआ?" प्रशिक्षण देणाऱ्या साहेबांनी विचारलं.

"माहाच पाय घसरला, साहेब."

त्यापेक्षा यानं थोबाडीत मारली असती तर बरं, असं गजेंद्रला झालं. पण खरं बोलायला तोंड उघडलं का? नाही. हौदाशी जाऊन उगाच तोंड धूत बसला.

दुपारी पुन्हा त्याच जोडीला हाक आली. राजदीपनं खांद्यावरच्या घाम पुसायच्या दुपट्ट्याचं एक टोक आपल्या पट्ट्याला बांधलं, दुसरं गजेंद्रच्या.

"हे काऊन बे?"

"पळणारं ढोर दाव्यालेच बांधतेत. आता पळशीन त मले घेऊन पळ."

सगळे खो खो हसले. साहेबांनी पाहून न पाहिल्यासारखं केलं. गजेंद्रचे कान तापले, पण गाठ सोडायला हात उठला नाही.

आत झटका बसताच त्याचा पाय दाराकडे वळलाच. दुपट्टा ताणला गेला. पुढे राजदीप खोकत होता. गजेंद्र थांबला, पाइप काखेत दाबून आग विझेपर्यंत धरून राहिला.

बाहेर शाबासकी मिळाली, ती काही अंगी लागेना. हिमतीनं थांबलो की गाठीनं, हे त्याचं त्यालाच कळत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी राजदीप गाठ न बांधता तसाच आत निघाला. गजेंद्रनं आपला दुपट्टा पुढे केला.

"आता कायले?"

"बांध म्हणतो ना." गजेंद्रची मान खालीच होती. "अन् साहेबाले सांगून आलो मी. तुहा पाय नव्हता घसरला म्हणून."

राजदीपनं गाठ मारली. चांगली घट्ट मारली.