फिनेलनं धुतलेला गोबरगॅस

तुम्ही हसणार हे माहीत आहे, तरी सांगतो. गावात पर्यावरणावर भाषण ठोकणारा पहिला माणूस मी, आणि गावातला पहिला गोबरगॅस बंद पाडणाराही मीच.

नव्वदीतली गोष्ट. आमच्या खुटबावात तोवर कुणाकडे गोबरगॅस नव्हता. रशीदमामा गवंडी ते काम कुठूनतरी शिकून आले आणि पहिला घुमट आमच्या गोठ्यामागं बांधला. शेण कालवायच्या कुंडीवर हात ठेवून म्हणाले, "दत्तू, शेण आन् पाणी. तिसरं काय बी आत जाता कामा न्हाई."

मी मान डोलावली. दौंडला कॉलेजात होतो मी, मला काय सांगायचं?

निळी ज्योत पेटली त्या दिवशी आईनं फुंकणी फळीवर टाकून दिली. धुराविना चहा करतानाचा तिचा चेहरा अजून आठवतो.

मग निरोप आला. सोमवारी तालुक्याचे साहेब वीसेक शेतकरी घेऊन बघायला येणार. मामा हरखले. "पाच जणांनी जरी बांधायचं ठरवलं, तरी वरीसभर कामासाठी बाहेर हिंडाय नको."

आता साहेब येणार म्हणजे गोठा कसा पाहिजे? मी दौंडहून फिनेलचा मोठा कॅन आणला आणि रोज सकाळी गोठा धुवायला लागलो. ते पाणी वाया कशाला घालवायचं? शेणात कालवून थेट कुंडीत. पाण्याची बचत, म्हणजे पर्यावरणच की.

चौथ्या दिवशी आई म्हणाली, "दत्तू, ज्योत बारकी झालीय रं."

मला वाटलं, कुठंतरी घाण राहिली. फिनेल वाढवलं.

सोमवारी मी भाषण केलं. धूर, जंगल, पुढची पिढी, काही सोडलं नाही. मग "बघा" म्हणून काडी ओढली. गॅस पेटला नाही. दुसरी ओढली. निम्मी काडेपेटी संपली तसे मामा उठले, कुंडीपाशी वाकले आणि वास घेतला.

"फिनेल कुठनं आलं हितं?"

मी छाती काढून सांगितलं, "आठवडाभर टाकतोय मामा. एक जंतू ठेवला नाही."

मामा म्हणाले, "आरं, त्या जंतूंच्याच जिवावर गॅस हुतो. पाव्हण्यांसाठी तू घरचीच माणसं मारलीस की."

सगळे हसले. मामा हसले नाहीत, आणि तेच मला लागलं. आईनं फुंकणी खाली काढली. मी ती तिच्या हातातून घेतली आणि वीस जणांच्या चहासाठी चूल फुंकत बसलो. डोळ्यांतलं पाणी धुराचं म्हणून खपून गेलं.

तेवढ्यात शेजारच्या गावचे एक आबा बोलले, "गवंडी, माझ्याकडं बांधा. आमच्यात कुनी शिकल्यालं न्हाई, तवा भ्या न्हाई."

मग आणखी सहा जण तयार झाले. आमचा गॅसही मामांनी सगळं उपसून, नव्यानं भरून महिन्याभरात पेटवून दिला.

आता मामा नाहीत. आमच्याकडे सिलिंडर आला. परवा त्या आबांच्या घरी गेलो, तर त्यांचा गॅस अजून चालू. कुंडीवर मामांनी ओल्या सिमेंटात बोटानं लिहिलेली अक्षरं तशीच होती: शेण. पाणी. दत्तूला लांब ठेवा.

आबांच्या सुनेनं त्याच गॅसवरचा चहा पुढं केला. "भाऊजी, ह्यो दत्तू कोन वो?"

"असेल कुणीतरी शिकलेला," मी म्हणालो.